भिंतीवरून चौकटींत

शहरांतील चित्रदालनांत वारली चित्र चौकटींत टांगलेलें दिसतें. परंतु त्याचें मूळ स्थान ठाणें-पालघर भागांतील कुडाची भिंत होय. कारवीच्या कुडावर शेणमाती लिंपून वर गेरू देतात. मग बांबूच्या काडीचें टोंक चेचून केलेल्या कुंचल्यानें तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा ओढतात. ज्या मातीचें आणि पिकाचें तें चित्र, त्यांतूनच त्याचा रंग निघतो.

वर्तुळ सूर्यचंद्रांचें, त्रिकोण डोंगराचा. दोन त्रिकोण टोंकांशीं जोडले कीं मनुष्य उभा राहतो, आणि झाडांपुढें तो बहुधा लहानच असतो. विवाहप्रसंगीं सुवासिनी 'चौक' लिहितात. त्यांत वनस्पतींची माता पालघाट देवी बसते. हें चित्र चिरकाल टिकावें असा हेतु नसे. पुढच्या सारवणांत तें लोपून जाई.

१९७० नंतरच्या दशकांत तें कागदावर उतरलें. जिव्या सोमा म्हसे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. कागदानें चित्र टिकलें. भिंतीवर लिहिणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्त्रियांचीं नांवें मात्र बहुतांशीं अज्ञातच राहिलीं. चौकटीखालचें नांव वाचतांना प्रेक्षकानें त्या हातांचेंही स्मरण ठेवावें.