सहल झाल्यावरची शाळा

धान कापून झाले, की शाळेच्या सहली निघतात. चामोर्शीकडची पोरे बहुतेक मार्कंड्याला जातात. जवळ आहे, खर्चही थोडा. सांजेला पोरे परत येतात. आईबाप म्हणतात, "झाली सहल. आता अभ्यासाला लागा."

पण खरा अभ्यास तर आता सुरू होतो. दुसऱ्या दिवशी गुरुजी विचारतात, "काय काय पाहिले?" मग वर्गात गट पडतात. एक गट शाळेच्या अंगणात नदीचा नकाशा काढतो. दुसरा चिकणमातीची देवळे करतो. तिसरा हिशेब मांडतो. गाडीभाडे किती झाले, पोरे किती होती, तर एका पोरामागे किती पैसे पडले? पाटीवर न जमणारा भागाकार इथे जमतो, कारण पैसे आपल्या बापाचे असतात! या कामाला प्रकल्प म्हणतात. पाहिलेली वस्तू करून, मोजून, विचारून समजून घ्यायची. बाजारातून तयार देऊळ आणून टेबलावर मांडले, तर तो प्रकल्प नव्हे. तो पैशाचा नास.

आपल्या वैनगंगेचेच घ्या. ती मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि दक्षिणेकडे येते. मार्कंड्याला मात्र वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. म्हणून लोक तिला तिथे उत्तरवाहिनी म्हणतात. पोरगा मातीत काडीने ही नदी काढतो. आधी उगवती कोणती, मावळती कोणती, ते ठरवतो. मगच त्याचे वळण बरोबर येते. पुढे चपराळ्याजवळ वर्धा नदी तिला मिळते. दोघी मिळून प्राणहिता होतात. तेही तो त्याच मातीत दाखवतो.

देवळांचे तसेच. ही दगडी देवळे सुमारे हजार वर्षांची जुनी. दीडशे वर्षांपूर्वी कनिंगहॅम नावाचे इंग्रज अधिकारी ती पाहायला आले. त्यांनी पाहिले ते सारे लिहून ठेवले. आपली चौथीची पोरे दोरी लावून ओटा मोजतात आणि वहीत लिहितात, त्या कामाची जात तीच. फक्त दगडाचा कपचा कोणी घरी आणू नये. ती देवळे सरकारने राखलेली आहेत. पाने आणावी, वाळू आणावी.

काही लोक म्हणतात, हे नवे खूळ आहे. तसे नाही. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. काम करता करता शिकावे, हेच तेव्हा महात्मा गांधींनी सांगितले.

आता एक गोष्ट आईबापांसाठी. लहान भावाला सांभाळायला कोणी नाही, म्हणून मुलीला सहलीच्या दिवशी घरी ठेवतात. वाटते, एकच दिवस बुडाला. पण वर्गात पुढे आठ-पंधरा दिवस त्याच सहलीवर काम चालते. ती मुलगी नुसती पाहत बसते. म्हणजे तिचे पंधरा दिवस बुडाले.

माझ्या शाळेत एक मुलगी अशीच मागे राहिली होती. तिचा बाप नदीत जाळे टाकणारा. नकाशा काढताना पोरे अडली. पाणी खोल कुठे, उथळ कुठे, कोणाला ठाऊक नव्हते. तिने बापाला शाळेत आणले. त्याला सही येत नव्हती. पण डोह कुठे, भोवरा कुठे, पुरानंतर वाळू कुठे सरकते, हे त्याने अंगणात उभे राहून सांगितले. पोरांनी तिथे तिथे खडे ठेवले. असा धडा माझ्या पुस्तकात नव्हता.

तेव्हा पोर काही विचारायला आले, तर "जा, गुरुजीला विचार" म्हणू नका. झाडाला घरी गोंडीत एक नाव असते, पुस्तकात दुसरे. दोन्ही सांगा, दोन्ही लिहवून घ्या. आणि त्याची वही मागून घ्या. आता तुम्हांला वाचता येते. चित्राखालची नावे बोट ठेवून वाचा. एखादे नाव चुकले असेल, तर तिथल्या तिथे सांगा.