गरजवंतांचा संघ

इ. स. १९३५ च्या मे महिन्यात, अमेरिकेतील ओहायो प्रांतातल्या ॲक्रन शहरी, एका हॉटेलाच्या दर्शनी दालनात न्यूयॉर्कचा एक रोखेदलाल अस्वस्थपणे येरझारा घालीत होता. ज्या व्यवहारासाठी तो आला होता तो फिसकटला होता, आणि दालनाच्या टोकाला असलेल्या मद्यगृहातील हास्यविनोद त्याच्या कानी पडत होता. मद्यापायी व्यवसाय आणि प्रतिष्ठा गमावलेल्या या गृहस्थाने पाच महिने दारूला स्पर्श केला नव्हता. त्या मुदतीत त्याने अनेक मद्यासक्तांना सुधारण्याची खटपट केली होती, आणि त्यांतला एकही सुधारला नव्हता. मात्र त्या खटपटीत तो स्वतः सावरला होता, या गोष्टीचे मर्म त्याला आता उमगले. त्याने टेलिफोन उचलला आणि गावातील धर्मोपदेशकांकडे एखाद्या मद्यप्याचा ठावठिकाणा विचारला. त्याला सुधारण्यासाठी नव्हे, तर स्वतःचा तोल राखण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजता जो शल्यविशारद त्याला भेटला, तो केवळ पंधरा मिनिटे बसण्याच्या बोलीवर आला होता; उठला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. उपदेश त्याने पुष्कळ ऐकला होता, पण आपल्यासारखाच एक मनुष्य आपल्याकडे मदत मागतो आहे, हा अनुभव त्याला नवा होता. पुढे तो एकदा घसरला. मात्र १० जून १९३५ नंतर त्याने मरेपर्यंत मद्य घेतले नाही, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघाचा स्थापनादिन ठरला. संघाच्या रिवाजाप्रमाणे या दोघांना ‘बिल डब्ल्यू.’ आणि ‘डॉक्टर बॉब’ एवढ्याच नावांनी ओळखतात.

गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. परंतु या संघाची सारी घटना गरजवंतांनीच, आपल्या गरजेतून शहाणपण घेत रचलेली आहे. संघाच्या १९३९ च्या ग्रंथात व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्या आल्या आणि १९५० साली कारभाराच्या बारा परंपरा संमत झाल्या. त्यांनुसार सभासदत्वाला अर्ज नाही की फी नाही. पिणे थांबवण्याची इच्छा, ही एकच अट. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो, बाहेरची देणगी नाकारली जाते. प्रत्येक गटाचा कारभार स्वतंत्र असतो आणि कोणाची कोणावर हुकमत चालत नाही. नाव गुप्त राखण्याचा दंडक नवागताच्या अब्रूचे रक्षण करतो, तसाच जुन्या सभासदाच्या अहंकारालाही आवर घालतो.

भारतात हा संघ १९५७ साली मुंबईत रुजला, आणि आज महाराष्ट्रातील गावोगावी शाळांच्या वर्गखोल्यांत व चर्चच्या सभागृहांत त्याच्या सभा भरतात. तेथील भाषेत व्यसनाला ‘मद्यपाश’ म्हणतात, आणि तो दुर्गुण नसून आजार आहे, अशी त्यांची धारणा आहे. तास-दीड तासाच्या सभेत एकेक जण उठून आपले नाव आणि आपला आजार सांगतो, मग आपली कहाणी: गहाण पडलेले मंगळसूत्र, पगाराच्या दिवशी वाट पाहत राहिलेली मुले, आणि मग न पिता काढलेला पहिला दिवस. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही. प्रतिज्ञा असते ती आजच्या दिवसापुरती.

सभेचा पत्ता संघाच्या मदत-दूरध्वनीवर, त्याचप्रमाणे व्यसनमुक्ती केंद्रात वा रुग्णालयात मिळतो. खुल्या सभेस कुटुंबीयांनाही बसता येते. बंद सभा केवळ मद्यपाशग्रस्तांसाठी असते. पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असे नाही, आणि एक गट मानवला नाही तर दुसऱ्या गटात जाण्यास मुभा आहे. मात्र वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडण्यापूर्वी वैद्याला अवश्य भेटावे, कारण अशा वेळी झटके आणि भ्रम जिवावर बेतू शकतात. पत्नी आणि मुले यांच्या वेदनेसाठी ‘अल-अनॉन’ ही निराळी संघटना १९५१ पासून कार्यरत आहे.

हे सारे निव्वळ भावनेचे बळ, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक दाखला द्यावासा वाटतो. वैद्यकीय संशोधनाची पारख करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांची, म्हणजे १०,५६५ व्यक्तींवरील निष्कर्षांची, समीक्षा प्रसिद्ध केली. रुग्णांना या संघाकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार अखंड मद्यवर्जनाच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरतात, असे तीत आढळले.

परंतु उंबरठ्याशी घुटमळणाऱ्या मनुष्याला आकड्यांनी धीर येत नाही. आपण लाचार होऊन दुसऱ्याच्या दारी चाललो आहोत, ही लाज त्याची पावले मागे ओढते. त्याला ॲक्रनच्या त्या टेलिफोनची आठवण करून द्यावी. ज्या वर्गात तो पाऊल टाकणार आहे, तेथे पंधरा वर्षे न प्यालेला कोणी गृहस्थ वेळेआधी येऊन बाके सरळ करीत असेल, चहाची किटली मांडत असेल आणि वारंवार दाराकडे पाहत असेल; कारण त्यालाही आजचा दिवस निभावायचा आहे, आणि त्यासाठी त्याला या नवागताची गरज आहे.