जुन्या मोटारीच्या इंजिनाची कार्यक्षमतावाढ : फियाट ११०० च्या संदर्भात

प्रस्तावना :
मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने आलेली तिची पुढील आवृत्ती, या मोटारी अनेक दशके महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावल्या. त्यांपैकी पन्नाशी ओलांडलेल्या मोटारी आता वारसा म्हणून जतन केल्या जातात. सुधारित भाग बसवून अशा मोटारीचे इंजिन अधिक सक्षम करता येते. मात्र कोणता भाग बदलावा आणि कोणता बदलू नये, हा प्रश्न तांत्रिक तसाच कायदेशीरही आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा विचार केला आहे.

शक्ती कोठे हरवते? :
फियाट ११०० चे इंजिन चार सिलिंडरचे असून सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी., दट्ट्याची धाव ७५ मि.मी. आणि क्षमता १०८९ घन सें.मी. आहे. अशा इंजिनाची शक्ती घटते ती मुख्यतः झीज आणि बदललेले इंधन यांमुळे. म्हणूनच कार्यक्षमतावाढ म्हणजे प्रथम हरवलेली शक्ती परत मिळविणे होय.

इंधनातील बदल व उपाय :
जुन्या पेट्रोलमधील शिशाच्या संयुगांचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करीत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झाले. त्यामुळे मऊ बिडाच्या बैठका झिजतात, व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि दाब गळतो. कठीण मिश्रधातूच्या बैठका बसविणे हा त्यावरील खात्रीचा उपाय आहे.

दुसरा बदल इथेनॉलचा आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. एक भाग शुद्ध पेट्रोल जाळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ भागच पुरते. आधुनिक इंजिनातील संगणक हे प्रमाण स्वतः जुळवितो. कार्बुरेटरला ते शक्य नसते. परिणामी मिश्रण विरळ होऊन इंजिन तापते व ओढ कमी होते. किंचित मोठ्या छिद्राचे जेट बसविल्यास हा दोष दूर होतो. इथेनॉलने खराब होणाऱ्या जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल पंपाचा पडदा यांच्या जागी फ्लुरोकार्बन रबराचे भाग वापरावेत.

प्रज्वलन व शीतकरण :
चार सिलिंडरचे हे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेते तेव्हा ८००० ठिणग्या पडाव्या लागतात. यांत्रिक पॉइंट झिजले की ठिणगीची वेळ चुकते. डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसणारा इलेक्ट्रॉनिक संच ही वेळ स्थिर ठेवतो आणि बाहेरून मोटारीचे रूप बदलत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात शीतकरणाला विशेष महत्त्व आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडत असताना मलकापूरहून बुलढाण्याकडे येणारी मोटार राजूर घाट चढते. तेथे वेग कमी, भार जास्त आणि रेडिएटरमधून जाणारी हवा अपुरी असते. पेट्रोल नळीतच उकळून इंजिन बंद पडू शकते. अधिक नलिकांचा रेडिएटर आणि इंधननळीस उष्णतारोधक आवरण यांनी हा धोका घटतो.

सुधारणेची मर्यादा :
१५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली मोटार 'व्हिंटेज' ठरते. दुसरे इंजिन बसविल्यास ही ओळख गमावण्याची शक्यता असते. शिवाय चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या मोटारीची शक्ती वाढविणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही अयोग्य आहे. यास्तव पूर्ववत करता येतील अशा बदलांना प्राधान्य द्यावे, काढलेले मूळ भाग जपावेत, प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी आणि इंजिनाच्या अंतर्भागातील कामापूर्वी परिवहन कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

निष्कर्ष :
जुन्या इंजिनाची खरी सुधारणा त्याला बदललेल्या इंधनाशी व स्थानिक हवामानाशी जुळवून घेण्यात आहे. उपरोक्त अधिसूचनेने व्हिंटेज मोटारीस तांत्रिक संशोधनासाठी रस्त्यावर येण्याची मुभा दिली आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी या मोटारींवर सुधारणेपूर्वीची व नंतरची मोजमापे घेतल्यास, आजवर केवळ कारागिरांच्या हातात असलेले हे ज्ञान लेखी स्वरूपात पुढील पिढीस उपलब्ध होईल.