डोळा काढावा की किरण द्यावेत?

समजा, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला एका डोळ्यासमोर सावली दिसू लागली. नागपूरला तपासणी झाली आणि डोळ्याच्या आत मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, आढळला. आपल्याकडे हा रोग विरळाच. घरचे म्हणतात, "डोळा काढून टाका, जीव तरी वाचेल." हे म्हणणे कितपत बरोबर आहे?

दुसरा उपाय किरणांचा. गाठीच्या नेमके मागे, डोळ्याच्या पांढऱ्या आवरणावर किरणोत्सर्गी चकती शिवतात व काही दिवसांनी काढतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने वापरलेल्या अणुइंधनाच्या टाकाऊ द्रवातून रुथेनिअम-१०६ वेगळे करून अशा देशी चकत्या बनवल्या. २०२० मध्ये त्या जाहीर झाल्या. रुथेनिअमच्या चकतीतले बीटा किरण काही मिलिमीटरच आत शिरतात. त्यामुळे बेताच्या उंचीची गाठ नष्ट होते आणि पलीकडचा भाग बराचसा बचावतो.

दोन्ही उपायांची तुलना कशी करायची? लहान गाठींना किरण आणि मोठ्यांना शस्त्रक्रिया दिली, तर किरण उगाच सरस ठरतील. म्हणून अमेरिका व कॅनडात १९८७ ते १९९८ या काळात मध्यम आकाराच्या गाठी असलेल्या १३१७ रुग्णांचा उपचार चिठ्ठी काढावी तसा ठरवला गेला. तेथे आयोडीन-१२५ च्या चकत्या वापरल्या. पाच वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या गटात ८१ टक्के, तर किरणांच्या गटात ८२ टक्के रुग्ण जिवंत होते!

असे का? कर्कपेशी निदानापूर्वीच रक्तातून, बहुधा यकृताकडे, गेलेल्या असू शकतात. डोळा काढल्याने त्या परत येत नाहीत.

मग किरणच घ्यावेत? तसेही नाही. त्या अभ्यासात तीन वर्षांत किरण दिलेल्या सुमारे ४३ टक्के डोळ्यांची दृष्टी ६/६० किंवा त्याहून कमी झाली. पाच वर्षांत दर आठांपैकी एक डोळा अखेर काढावा लागला. गाठ फार मोठी असेल, किंवा दृष्टी जाऊन डोळा ठणकत असेल, तर शस्त्रक्रियाच योग्य ठरते. यकृताची तपासणी दोन्ही उपायांनंतर लागते. पण किरणांनंतर वाचवलेला डोळाही वर्षानुवर्षे तपासावा लागतो. सिरोंचा किंवा भामरागडहून अशी प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी.

गावात असा प्रसंग आला की सल्ल्यासाठी लोक गुरुजींकडे येतात. त्यांना आपण तीन प्रश्न लिहून द्यावेत असे आम्हाला वाटते: गाठ केवढी आहे? दृष्टी किती उरेल? तपासणीला किती वेळा यावे लागेल? उत्तरे डॉक्टर देतील, निर्णय रुग्णाने घ्यावा. मात्र "डोळा ठेवला तर जीव जाईल" या धास्तीपोटी घेऊ नये.