शिरूरचे कबरस्तान आणि कोरेगावची नावे

पुणे-नगर रस्त्यावर पुण्यापासून सुमारे ६७ किलोमीटरवर घोड नदीच्या काठी शिरूर हे तालुक्याचे गाव आहे. जुनी माणसे त्याला घोडनदी असेच म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ईस्ट इंडिया कंपनीची मोठी छावणी होती. छावणी आली की तिच्यामागून बाजार येतो, दारूखाना येतो आणि कबरस्तानही येते. शिरूरला गोऱ्यांचे असे जुने कबरस्तान आहे. दरवर्षी १ जानेवारीला भीमा-कोरेगावला जाणाऱ्या आपल्या बांधवांनी व विद्यार्थ्यांनी त्याची माहिती करून घ्यावी, कारण कोरेगावला लढलेली तुकडी शिरूरहूनच निघाली होती.

या कबरस्तानातील प्रसिद्ध थडगे कर्नल विल्यम वॉलेस याचे. १८०३ साली असईच्या लढाईत तो वेलस्लीच्या हाताखाली होता. १८०९ मध्ये तो वारला. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये त्याच्याविषयी मोठी चमत्कारिक हकिकत दिली आहे. लोक त्याला ‘सत्पुरुष’ म्हणत. ब्राह्मण व मारवाडी सोडले तर शिरूर आणि आसपासच्या खेड्यांतील सारे हिंदू त्याचे थडगे पूजीत. सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य त्याला दाखवीत. पटकीची साथ आली की त्याचे भूत छावणीच्या हद्दीवर फिरते, अशी समजूत होती. दारूखाना बांधताना त्याने एक पूज्य दगड हलवला, त्यामुळे काम अडले आणि शेवटी गावकऱ्यांच्या सांगण्यावरून त्याने तो दगड परत आणून ठेवला, अशीही कथा आहे.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्याला हे पटणारे नाही. तरीही या कथेतील एक गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. सातासमुद्रापलीकडून आलेला परधर्मी माणूस मेल्यावर देव होऊ शकत होता, आणि त्याच मुलखात गावाची सेवा करणाऱ्या महाराच्या स्पर्शाने विटाळ होत होता! विटाळ रक्ताचा वा धर्माचा नव्हता, तो सत्तेच्या हिशेबाने ठरत होता, याचा याहून उघड पुरावा कोणता?

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन सुमारे ८०० माणसे व दोन तोफा घेऊन शिरूरहून पुण्याकडे निघाला. त्यात मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० शिपाई होते आणि त्यांत महारांचा भरणा मोठा होता. रात्रभर चालून सकाळी ते कोरेगावला पोहोचले आणि दिवसभर अन्नपाण्यावाचून पेशव्यांच्या फौजेशी लढले. ठार, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे २७५ माणसे गेली. उरलेले जखमींना घेऊन पुन्हा शिरूरलाच परतले.

छावणीचे कबरस्तान ख्रिस्ती गोऱ्यांसाठी होते. गोऱ्या अधिकाऱ्याला तेथे दगड मिळे, त्यावर नाव, हुद्दा आणि साल कोरले जाई. महार शिपायाला ती जागा नव्हती आणि गावाच्या स्मशानातही त्याला जागा नव्हती. गावोगावी महारांची मसणवाट वेगळी असे. त्यातही सरणाला लाकूड परवडत नसल्याने पुष्कळदा पुरण्याचीच चाल होती. वर दोनचार धोंडे, पुढच्या पावसाळ्यात तेही सरकत. आणि गावात कोणी मेले तर परगावी सांगावा घेऊन धावायचे, सरणाची लाकडे न्यायची, हे मात्र महाराचे वतनी काम! १९५८ च्या कायद्याने हे वतन रद्द झाले.

म्हणून कोरेगावच्या स्तंभाचे मोल वेगळे आहे. १८२१ मध्ये त्याची पायाभरणी झाली. कंपनी सरकारने तो आपल्या विजयासाठी उभारला, महारांच्या प्रेमापोटी नव्हे. पण मृतांची नावे कोरताना शिपायांचीही कोरली गेली. ४९ नावांपैकी २२ नावांचा शेवट ‘नाक’ असा आहे. ‘नाक’ म्हणजे महार. ज्यांच्या वाट्याला थडगे आले नाही त्यांची नावे अशी दगडावर राहिली, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले.

आपल्या सभासदांपैकी बहुतेकांची मूळ गावे खेड्यांत आहेत. गावी गेल्यावर म्हाताऱ्या माणसांना जुनी मसणवाट कोठे होती, कोणाचा दगड कोणता, हे विचारून वहीत उतरवून ठेवावे. सातबाऱ्यावर त्या जागेची नोंद आहे की नाही, हेही तलाठ्याकडे पाहावे.