संकेतस्थळाची चाचणी-प्रत

संकेतस्थळातील बदल थेट चालू स्थळावर न करता आधी त्याच्या हुबेहूब प्रतीवर करून पाहण्याची पद्धत आहे. ही प्रत स्वतंत्र सर्व्हरवर, स्वतंत्र डेटाबेससह आणि पासवर्डच्या आड ठेवतात. तिच्यातून ग्राहकांना ई-मेल जाणार नाहीत याची खबरदारी घ्यावी लागते. नेमके हेच बहुधा विसरले जाते.

या प्रतीचा एक अनपेक्षित उपयोगही घडला आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या सेवेच्या मुख्य डेटाबेसमधील सुमारे ३०० जीबी माहिती अभियंत्याच्या चुकीने पुसली गेली. रोजचे बॅकअप तयारच होत नव्हते, हे तेव्हा उघडकीस आले. चाचणी-प्रतीसाठी सहा तासांपूर्वी घेतलेल्या नकलेवरून सेवा पूर्ववत करण्यात आली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या.