शिरगावच्या तटावरची तार : ब्रश, इरेझर आणि क्लोन

ब्रश, इरेझर आणि क्लोन ही फोटो संपादनातली तीन टूल्स पडद्यावर वेगवेगळी दिसतात, पण तिघांचे काम एकाच रीतीने चालते. माउस ओढला की सलग रेघ उमटल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर गोल ठसे इतके जवळजवळ उमटवत जाते की त्यांची रेघ होते. फोटोशॉपमध्ये दोन ठशांमधले अंतर मुळात ठशाच्या व्यासाच्या २५ टक्के ठेवलेले असते. ठशाखाली आलेल्या प्रत्येक पिक्सेलचा जुना आकडा जाऊन तिथे नवा बसतो. तो नवा आकडा कुठून येतो, हाच खरा फरक. ब्रश तो निवडलेल्या रंगातून घेतो, इरेझर तिथे पारदर्शकता किंवा पार्श्वभूमीचा रंग भरतो आणि क्लोन त्याच फोटोतल्या दुसऱ्या जागेवरून उचलतो.

ही कामे संगणकाच्या कितीतरी आधीची आहेत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत शहरोशहरी स्टुडिओ उभे राहिले. तिथे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सौम्य केल्या जात. निगेटिव्हवर जिथे शिसे चढे, तो भाग छपाईत उजळ येई. जिथे पातीने थर खरवडला जाई, तो गडद येई. छापलेल्या प्रतीवरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने बुजवले जात. दुसऱ्या जागेचा पोत जसाच्या तसा उचलून आणण्याची सोय मात्र त्या कारागिराकडे नव्हती. ती संगणकाने दिली. टॉमस आणि जॉन नॉल या भावांनी तयार केलेले फोटोशॉप १९९० च्या फेब्रुवारीत बाजारात आले, तेव्हा पहिल्याच आवृत्तीत क्लोनचे टूल रबर स्टॅम्पच्या रूपात होते. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी सुरू केलेले गिंप १९९६ मध्ये आले. ते मोफत असल्यामुळे शिकणाऱ्याला पैसे न मोजता हीच टूल्स हाताळता येतात.

ब्रशच्या बाबतीत आकारापेक्षा कडा महत्त्वाची. हार्डनेस १०० टक्के असेल तर ठशाची कडा कापल्यासारखी येते, शून्यावर आणली तर ती धुरासारखी विरत जाते. ओपॅसिटी म्हणजे माउसचे बटण न सोडता मारलेल्या एका फटकाऱ्यात रंग जास्तीत जास्त किती चढेल याची मर्यादा. फ्लो म्हणजे प्रत्येक ठशाने त्यात किती भर पडेल ते. नवशिक्या या दोघांत गोंधळतो आणि एकाच जागी घासत राहतो. पेन टॅबलेट असेल तर हाताच्या दाबावर हे बदलता येते, म्हणून रोज रिटचिंग करणारे माउसपेक्षा पेनच पसंत करतात.

इरेझरचे वागणे लेअरवर ठरते. लेअरला पारदर्शकतेची सोय, म्हणजे अल्फा चॅनेल, असेल तर पुसलेल्या जागी खालचा लेअर दिसतो. नसेल तर पार्श्वभूमीचा रंग चढतो. फोटोशॉपमध्ये नुकत्याच उघडलेल्या फोटोवर इरेझर फिरवला की पांढरे पट्टे उमटतात, ते यामुळेच. पुसलेले पिक्सेल फाइल बंद केल्यावर परत मिळत नाहीत. म्हणून लग्नाच्या अल्बममध्ये जोडप्यामागची पार्श्वभूमी बदलताना इरेझरपेक्षा लेअर मास्क वापरणे शहाणपणाचे. मास्कवर काळा रंग मारला की भाग लपतो, पांढरा मारला की परत येतो. केसांच्या कडेला चूक झाली तरी मूळ फोटो शाबूत राहतो.

क्लोनचे खरे कसब एखाद्या फोटोवरच नीट दिसते. पालघरच्या पश्चिमेला, सातपाटी आणि माहीम यांच्या मधल्या किनाऱ्यावर शिरगावचा किल्ला आहे. पोर्तुगिजांच्या ताब्यातला हा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांकडे आला. या किल्ल्याच्या एखाद्या फोटोत विजेची तार आकाशातून येऊन तटाच्या माथ्यावरून गेली आहे, असे धरू. आकाशातल्या तारेवर निळ्या रंगाचा ब्रश फिरवला तर पट्टा लगेच ओळखू येतो, कारण कॅमेऱ्याने टिपलेल्या आकाशात बारीक कण असतात आणि ब्रशचा रंग सपाट असतो. तिथे क्लोन हवा. फोटोशॉपमध्ये ऑल्ट, गिंपमध्ये कंट्रोल दाबून आधी उचलण्याची जागा ठरवायची आणि मग तारेवर ब्रश चालवायचा. आकाश क्षितिजाकडे फिकट होत जाते, त्यामुळे नमुना तारेच्या वरून न घेता त्याच उंचीवर, डाव्या-उजव्या बाजूने घ्यावा. वरून घेतला की गडद ठिगळ दिसते.

तार तटाला टेकते तिथे काम अवघड होते. दगडाची कडा एका बाजूला, आकाश दुसऱ्या बाजूला. अशा वेळी तटाच्याच माथ्यावरची, तसाच उतार असलेली स्वच्छ जागा निवडून नेमके कडेवर ऑल्ट-क्लिक करायचे आणि फोटो १०० टक्के किंवा अधिक मोठा करून कडेला कडा जुळवायची. अलाइन्ड हा पर्याय चालू असेल तर नमुना आणि ब्रश यांच्यातले अंतर कायम राहते; बंद असेल तर प्रत्येक फटकारा पुन्हा पहिल्या जागेपासून सुरू होतो. हार्डनेस मध्यम ठेवावा: फार मऊ ब्रशने दगडाची धार बोथट होते, फार कडक ब्रशने जोड उघडा पडतो. हे सगळे मूळ फोटोवर न करता वर घेतलेल्या रिकाम्या लेअरवर करायचे आणि नमुना खालच्या लेअरवरूनही उचलला जाईल असे ठरवून ठेवायचे.

२००२ मध्ये फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला. तो पोत नमुन्यातून घेतो आणि रंग-उजेड मात्र नव्या जागेच्या आजूबाजूशी जुळवतो. त्वचेवरचे डाग, जुन्या कौटुंबिक फोटोवरचे ओरखडे, मोकळे आकाश यांसाठी तो उत्तम. पण तटाच्या कडेजवळ तो दगडाचा काळसरपणा आकाशात ओढून आणतो, म्हणून कडेवर क्लोन आणि मोकळ्या भागावर हीलिंग ही कामाची वाटणी पक्की ठेवावी.

क्लोनची खूण म्हणजे पुनरावृत्ती. पुळणीवरची पावले, सुरूच्या फांद्या किंवा ढगाचा तोच आकार दोनदा दिसला की डोळा थबकतो. त्यामुळे नमुन्याची जागा सतत बदलत राहावी लागते. ऑगस्ट २००६ मध्ये बैरूतवरच्या हल्ल्याच्या एका फोटोतला धूर असाच क्लोनने वाढवलेला आढळला. रॉयटर्सने तो फोटो मागे घेतला आणि त्या छायाचित्रकाराचे सगळेच फोटो विक्रीतून काढले. पर्यटनाच्या पत्रकावरून तार काढणे आणि किल्ल्याच्या स्थितीची नोंद म्हणून घेतलेल्या फोटोत ढासळलेला चिरा क्लोनने बसवणे यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात पुढच्या अभ्यासकाची फसवणूक होते आणि पडझड कधी सुरू झाली याचा पुरावाच नाहीसा होतो.

२०१० मध्ये फोटोशॉपमध्ये कंटेंट-अवेअर फिल आले. निवडलेली जागा ते फोटोतल्या इतर तुकड्यांवरून आपोआप भरते. नमुना निवडण्याचे काम माणसाकडून सॉफ्टवेअरकडे गेले. २०२३ पासूनच्या जनरेटिव्ह फिलमध्ये भरलेले पिक्सेल त्या फोटोतले नसतातच, ते प्रशिक्षित मॉडेल तयार करते. तटावरच्या तारेसाठी ते चटकन चालते, मात्र तिथे आलेला दगड शिरगावचा नसतो.

काम झाल्यावर लेअरसह फाइल पीएसडीत, गिंपमध्ये एक्ससीएफमध्ये, जपावी. जेपेगमध्ये लेअर आणि पारदर्शकता दोन्ही राहत नाहीत. पारदर्शक भाग ठेवायचा असेल तर पीएनजी घ्यावे. कॅमेऱ्यातली मूळ फाइल वेगळ्या नावाने, वेगळ्या जागी ठेवावी.